दोन पन्नास

टेबलावर दोघं शेजारी ठेवलेत.
दोघांवर एकच आकडा : पन्नास.
जुना, जुन्या बाजारातला. बुधवारी,
गंजक्या कुलपांच्या ढिगाखालून, घासाघीस करून नऊशेला.
नवा हप्त्यांवर. तीन भरलेत, नऊ राहिलेत.

जुना हातात घेतला की वाण्याच्या तराजूतल्या मापासारखा थंड.
नवा इतका हलका
की पिशवीत आहे ना, म्हणून रस्त्यात दोनदा चाचपावं.

माझं काम भोसरीच्या कारखान्यांचं.
नट, बोल्ट, बेअरिंग, व्हॉल्व्ह. कॅटलॉगसाठी.
तिथे हळवेपणाचं बिल लावता येत नाही,
आटे मोजता आले पाहिजेत.
म्हणून रविवारी भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवलं,
छोट्या जाहिरातींचं,
तिपाई लावली
आणि दोघांना तेच वाचायला दिलं.

नव्यानं सगळं वाचलं. अगदी कोपऱ्यातलंसुद्धा :
वधू पाहिजे, घटस्फोटित चालेल.
सहकारनगरात कॉट बेसिस, फक्त शाकाहारी.
हरवलेल्या गुणपत्रिकेचा नंबर.
जुन्यानं मधलं वाचलं, नीट, सावकाश.
कडेला येता येता त्याचा डोळा लागला.
वधू, कॉट आणि गुणपत्रिका
एकाच पिवळट धुक्यात राहायला गेल्या.

त्या पिवळ्यावर माझा जीव होता, खोटं कशाला बोलू.
पर्वतीच्या पायऱ्या दाखवा, नळाखालची भांडी दाखवा,
तो ते तीस वर्षं मागं नेऊन परत द्यायचा.
मी सगळ्यांना सांगत फिरायचे,
ह्याच्या काचेत आठवण आहे.

नाना पेठेतले अश्फाकभाई तांबोळी
डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणाले,
"आठवण कसली मॅडम, मागची काच पिवळी पडलीये.
काही जुन्या काचांमध्ये असलं काहीबाही घालायचे.
तीन आठवडे उन्हात ठेवा, जाईल."
आणि वर फुकटात बुरशी दाखवली,
कडेला, कोळ्यानं अर्ध्यात सोडलेल्या जाळ्यासारखी.
"हिला घाबरू नका. फोटोत येत नाही.
फक्त आपल्याला माहीत असते."

त्याच आठवड्यात यमुना शेडगेचा फोटो काढला.
ती बेअरिंगं पुसून पेट्यांत भरते.
खिडकीतला उजेड, एकदा ह्यानं, एकदा त्यानं.
मला वाटलं, जुनाच आवडेल.
त्यात तिचा गाल सायीसारखा उतरला होता,
केसांभोवती उजेड सांडलेला.
तिनं दोन्ही फोटो बराच वेळ पाहिले
आणि नव्यावर बोट ठेवलं.
"ह्यात माझा व्रण आलाय बघा.
लेथचा किस उडाला होता ना, तेव्हाचा.
त्यात कुणाची तरी बहीण दिसतीय."

चैत्राचं ऊन. गच्चीवर जुना उताणा,
खाली पावभाजीच्या पार्सलची चांदी पसरून,
शेजारी शिर्केकाकूंच्या कुरडया.
काकू येता-जाता दोन्ही उलटवायच्या.
तीन आठवड्यांत कुरडया डब्यात गेल्या
आणि काच पाण्यासारखी झाली.
आता तो पर्वती दाखवतो
ती आजची, शनिवारची,
कठड्यावर चिप्सचं पाकीट असलेली.

मग उरलं काय त्याच्याकडे?
एक रिंग आहे. फिरवत नेली की
शेवटी टक् करून थांबते,
तिथे आडवा आठ कोरलाय, नारिंगी रंग निम्मा उडालेला.
नव्याची फिरतच राहते.
पोचलात, असं कधी सांगत नाही.

काल संध्याकाळी गच्चीवरून रिंग धरून पाहिलं.
धनकवडीत अनंत
समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीपासून सुरू होतं.
टाकी भरून वाहत होती.
मी कठड्यावरून ओरडले,
अहो, मोटार बंद करा.